शॉकअपचे तीस क्लिक

बॉनेट उघडले की दोन्ही बाजूंच्या स्ट्रटच्या डोक्यावर अंगठ्याएवढी एक फिरकी दिसते. ती फिरवली की बोटाला 'टक्' असा बारीक झटका जाणवतो. असे एकूण तीस झटके, म्हणजे गॅरेजच्या बोलीत तीस क्लिक. एका टोकाला 'सॉफ्ट', दुसऱ्या टोकाला 'हार्ड'. मडगार्डच्या आत वाकून पाहिले तर शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले असतात आणि त्या आट्यांवर एकमेकींवर घट्ट आवळलेल्या दोन रंगीत रिंगा. त्या वरखाली सरकवल्या की गाडीही वरखाली होते. याला कॉइलओव्हर म्हणतात आणि हौशी गाडीवाल्यांच्या यादीत तो बहुधा अलॉय व्हीलच्या पाठोपाठ येतो. पुढे तीस क्लिक, मागे तीस क्लिक, म्हणजे नऊशे जोड्या. उंची हिशेबात धरली तर मोजायचे सोडूनच द्यावे. विकणारा या नऊशेला स्वातंत्र्य म्हणतो. माझे म्हणणे असे की या नऊशेतल्या बहुतेक जोड्या तुमच्या गाडीसाठी चुकीच्या असतात आणि बरोबरची कोणती, हे ओळखण्याचे साधन किटच्या खोक्यात येत नाही. फिरकी हे शोध घेण्याचे अवजार आहे. शोध घ्यायची तयारी नसलेल्याच्या हाती ते आले, की कारखान्यातल्या अभियंत्याचे काम गाडीमालकाच्या गळ्यात पडते आणि त्याला ते पडल्याचे कळतही नाही.

अॅडजस्टेबल शॉकअप ही काही आजची टूम नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी गाड्यांना हार्टफर्ड पद्धतीचे घर्षणावर चालणारे शॉकअप असत: कात्रीसारख्या दोन दांड्या, मध्ये घर्षणाच्या चकत्या आणि वर एक नट. नट आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. १९३०च्या दशकातल्या काही रोल्स-रॉइस आणि बेंटली गाड्यांत तर स्टिअरिंगच्या मध्यभागी छोटी तरफ होती. ती सरकवून चालकाला बसल्या जागी शॉकअपचा कडकपणा बदलता येई. पण त्या काळातली सर्वांत अर्थपूर्ण अॅडजस्टेबल गाडी कोणत्याच शोरूममध्ये नव्हती. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३२ साली कॅडिलॅकमध्ये एक सात आसनी लिमोझिन प्रयोगासाठी तयार केली. तिच्या पुढे-मागे वजने सरकवता येत. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचे दबणे आणि गाडीची डुलण्याची प्रवृत्ती हवी तशी बदलता येई. वजने सरकवायची, गाडी रस्त्यावर काढायची, आत बसलेल्यांनी ठरवायचे. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही शिकवला जातो: मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद झुलणारी हवी. कारण साधे आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. अडीच मीटरच्या व्हीलबेसची गाडी ताशी ७२ किलोमीटरने जात असेल तर हे अंतर सेकंदाच्या आठव्या भागाचे. मागची बाजू उशिरा झुलू लागते, पण जलद झुलत असल्यामुळे पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे न उसळता सपाट वर-खाली होऊन शांत होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ऑलींची गाडी अॅडजस्टेबल होती ती उत्तर सापडेपर्यंत. उत्तर सापडल्यावर ग्राहकाला मिळाली ती फिरकी नसलेली गाडी.

स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामे वेगळी आहेत आणि बहुतेक गैरसमज त्यांची गल्लत केल्याने होतात. वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगचे झुलणे थांबवतो. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून जायला लावून हालचालीची उष्णता करतो. शॉकअप नसलेली गाडी गतिरोधकावरून उतरल्यावर पाळण्यासारखी झुलत राहील. गाडी सेकंदाला किती वेळा झुलते, हा सस्पेन्शनचा सर्वांत बोलका आकडा. साधारण प्रवासी गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते, म्हणजे एक ते दीड हर्ट्झ. कडक स्पोर्ट्स गाडी दोनच्या आसपास. शर्यतीची गाडी त्याच्याही पुढे. आयएसओ २६३१ या मानकाप्रमाणे बसलेल्या माणसाला वर-खाली कंपनांचा सर्वाधिक त्रास होतो तो चार ते आठ हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणून अभियंते गाडीला त्या पट्ट्यापासून लांब ठेवतात. आता स्प्रिंगकडे जवळून पाहू. तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळे तेच ठेवून बारा मिलिमीटरची तार तेरा मिलिमीटरची केली, तर स्प्रिंग आठ टक्क्यांनी नव्हे, अडतीस टक्क्यांनी कडक होते. एक मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाही. दोन खोक्यांतल्या दोन लाल स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तर जाणत्या मेकॅनिकलाही नुसते पाहून फरक सांगता येणार नाही. म्हणून ज्या किटच्या कागदावर स्प्रिंगचा कडकपणा आकड्यात लिहिलेला नाही, त्या किटबद्दल पुढे बोलण्यात अर्थ नसतो. बाजारात असे कागद नसलेले खोके कमी नाहीत.

लोक सर्वांत आधी हात घालतात तो उंचीला आणि नुकसानही तिथेच सर्वांत जास्त होते. चाक आणि मडगार्ड यांच्यातली मोकळी जागा भरलेली दिसली की गाडी रुबाबदार वाटते, हे मान्य. पण ती मोकळी जागा शोभेसाठी ठेवलेली नसते. उभ्या गाडीचे चाक आणखी किती वर जाऊ शकते, हे सस्पेन्शनचे भांडवल. समजा ते ऐंशी मिलिमीटर आहे आणि रिंगा फिरवून गाडी चाळीस मिलिमीटर खाली घेतली. भांडवल निम्मे झाले. तोच खड्डा, तोच दणका आता निम्म्या अंतरात पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागेल, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्प्रिंग चौपट कडक म्हणजे झुलण्याचा वेग दुप्पट: एक पूर्णांक तीन हर्ट्झची गाडी थेट दोन पूर्णांक सहावर. इतकी कडक स्प्रिंग रस्त्याच्या गाडीला कोणी लावत नाही. लावली जाते ती वीस-तीस टक्के कडक आणि उरलेला हिशेब बंप स्टॉप नावाचा रबराचा ठोकळा चुकता करतो. प्रत्येक मोठ्या खड्ड्यात जो 'धड्' आवाज येतो आणि ज्याला मालक 'स्पोर्टी फील' म्हणतो, तो बहुतेक वेळा या ठोकळ्याचा असतो.

यावर ठरलेले उत्तर येते: आपले रस्तेच वाईट, त्याला किट काय करणार? या उत्तरात अर्धे सत्य आहे आणि ते मोजून दाखवता येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत गतिरोधकाचे माप दिले आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. लहान हॅचबॅकचा व्हीलबेस असतो २.४५ मीटरच्या आसपास, म्हणजे अशा गतिरोधकावर तिची चारही चाके एकदम मावतात. भूमितीने हिशेब केला तर चाकांमधल्या भागात रस्ता फक्त साडेचार सेंटिमीटर वर येतो. मार्गदर्शिकेबरहुकूम बांधलेल्या गतिरोधकावर चाळीस मिलिमीटर खाली आणलेली गाडीसुद्धा पोट न घासता जाईल. पण सोसायटीच्या फाटकाशी उरलेल्या डांबराचा जो दीड फूट रुंद, वीतभर उंच बांध घातलेला असतो, तो गाडीच्या पोटाखाली पूर्णच्या पूर्ण उंचीने उभा राहतो. गाडी ज्या रस्त्यावर चालवायची आहे, त्या रस्त्याचे माप हा सस्पेन्शनचाच एक भाग असतो. वाईट रस्ता हे किटच्या बचावाचे कारण होऊ शकत नाही. तो किट निवडतानाचा पहिला आकडा असायला हवा.

उंची बदलली की भूमितीही बदलते आणि ही गोष्ट फिरकीवर कुठेच लिहिलेली नसते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म गाडी उभी असताना जवळजवळ आडवा राहील, अशी रचना असते. गाडी खाली घेतली की त्याचे बाहेरचे टोक वर जाते, आर्म उलटा कलतो. त्यासरशी गाडी वळणात ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर खाली सरकतो, तोही गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने. दोघांमधले अंतर वाढते आणि गाडीला कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे कल कमी करण्यासाठी खाली घेतलेल्या गाडीत कलण्याची ओढ वाढते आणि ती दाबून ठेवायला आणखी कडक स्प्रिंग लागते. शिवाय स्टिअरिंगचा टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे कोन जुळेनासे झाले की खड्ड्यात चाक वर जाताना आपोआप थोडे वळते. गाडी 'रस्ता पकडत नाही' अशी तक्रार घेऊन माणूस पुन्हा फिरकीपाशी येतो, दोन क्लिक कडक करतो. रोग एकीकडे, मलम दुसरीकडे. व्हील अलाइनमेंटच्या दुकानात मिळणारा लाल-हिरव्या आकड्यांचा कागद यातले निम्मेच सांगतो: कॅम्बर, कॅस्टर, टो, म्हणजे चाकांचे कोन. तोही उभ्या गाडीचा. तरी तो कागद घ्यावा, किट बसवण्याआधीचा आणि नंतरचा, आणि जपून ठेवावा. बिघडलेल्या कॅम्बरची पहिली खबर टायरची आतली कड देते आणि ती कड सहसा कोणी वाकून पाहत नाही.

आता खुद्द फिरकीकडे वळू. शॉकअपच्या आत तेलाला दोन वाटा असतात. हालचाल संथ असेल, म्हणजे गाडी वळणात कलते आहे किंवा ब्रेकला नाक खाली घालते आहे, तेव्हा तेल बारीक छिद्रातून वाहते. चाक खड्ड्यात आदळते तेव्हा दांडा एकदम वेगाने आत जातो, छिद्र अपुरे पडते आणि तेल पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्या वाकवून वाट काढते. एकच फिरकी असलेल्या बहुतांश शॉकअपमध्ये ती फिरकी सुईसारखी एक झडप पुढे-मागे करते आणि मुख्यतः त्या बारीक छिद्राचे तोंड बदलते. खड्ड्याच्या दणक्याला ज्यांच्याशी सामना करावा लागतो त्या चकत्या कारखान्यात रचल्या तशाच राहतात. परिणाम गमतीशीर होतो. खड्डे लागतात म्हणून मालक फिरकी 'सॉफ्ट'कडे नेतो. खड्ड्याचा दणका जवळजवळ तेवढाच राहतो आणि घाटात गाडी डुलायला मात्र लागते. उलट पूर्ण 'हार्ड' केले, की दबलेली स्प्रिंग उलगडायला वेळ लागतो. ती सावरण्याआधी पुढचा खड्डा येतो, मग त्याच्या पुढचा. चौथ्या-पाचव्या खड्ड्यापर्यंत गाडी पायरी-पायरीने खाली बसत बंप स्टॉपवर टेकलेली असते. कडक केल्याने गाडी आदळते, एवढेच मालकाला जाणवते. ती का आदळते हे त्याला फिरकी सांगत नाही. दाबणे आणि उलगडणे यांच्या वेगळ्या फिरक्या, त्यातही संथ आणि वेगवान हालचालींच्या वेगळ्या, असे चार-चार फिरक्यांचे शॉकअप मिळतात. त्यांची किंमत ऐकून माणूस दोन मिनिटे गप्प बसतो आणि चुकीच्या जोड्यांची संख्या तर नऊशेच्या कितीतरी पुढे गेलेली असते.

इतके सांगितल्यावर समोरून सर्वांत भक्कम हरकत येते: किट बसवून ज्यांची गाडी खरोखर सुधारली, ते सगळे काय खोटे बोलतात? नाही. पण त्यांनी कशाशी तुलना केली ते विचारावे लागते. शॉकअप एका दिवसात मरत नाही. तेलाची सील हळूहळू पाझरते, झडपा झिजतात, बुशांचे रबर तडकते, वरच्या माउंटला खेळ येतो. बदल इतका सावकाश होतो की रोज चालवणाऱ्याला तो जाणवतच नाही. तो नकळत वळणाआधी थोडा जास्त ब्रेक मारायला शिकतो. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे असे थकलेले शॉकअप काढून नवे कोरे किट बसवले, सोबत माउंट, बुश आणि लिंक रॉड नवे टाकले, अलाइनमेंट केली, की गाडी नवी वाटणारच. ते श्रेय नवेपणाचे आहे, फिरकीचे नव्हे. खरी तुलना करायची तर एकदा कंपनीच्याच मापाचे नवे शॉकअप आणि नवी रबरे टाकून गाडी चालवून पाहावी लागेल. गॅब्रिएल इंडियाने १९६१ साली मुंबईत मुलुंडला शॉकअप बनवायला सुरुवात केली; पुढे चाकण आणि नाशिकलाही तिचे कारखाने उभे राहिले. म्हणजे साधा, फिरकी नसलेला शॉकअप आपल्या दारातच बनतो आणि त्याची किंमत किटच्या काही अंशाइतकीच असते. मुळात 'कोनी' या कंपनीच्या जुन्या काळच्या शॉकअपमधली समायोजनाची सोयही बऱ्याच अंशी झीज भरून काढण्यासाठी होती: शॉकअप गाडीतून काढायचा, दांडा पूर्ण आत दाबून फिरवायचा आणि गेलेला जोर परत आणायचा. त्यामागे हौस नव्हती, काटकसर होती.

दुसरी हरकत: कंपन्या खर्च वाचवतात, त्यांचे सस्पेन्शन म्हणजे तडजोड. खरे आहे. पण तडजोड कशाकशात, तेही पाहावे. तीच गाडी एकटा माणूस चालवतो आणि तीच गणपतीला पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात उतरते. सकाळी द्रुतगती मार्ग, दुपारी काँक्रीटचे अर्धवट पट्टे, संध्याकाळी घाट. एवढ्या सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे म्हणजे ते कोणालाच शंभर टक्के पटणार नाही. ते उत्तर शोधायला कंपन्या महिनोन्महिने घालवतात. इंदूरजवळच्या पीथमपूरचे नॅट्रॅक्स किंवा अहिल्यानगरचे व्हीआरडीई यांसारख्या चाचणी केंद्रांमधल्या मुद्दाम वाईट बांधलेल्या पट्ट्यांवरून गाड्या पुन्हा पुन्हा नेल्या जातात. काही कंपन्या निर्णय शॉकअपच्याच आत ढकलतात. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मधले फ्रीक्वेन्सी सिलेक्टिव्ह शॉकअप बारीक, जलद थरथरीला मऊ राहतात आणि मोठ्या, संथ हालचालीला कडक होतात. चालकाने काही फिरवायचे नसते. आणि फिरवायचीच हौस असेल, तर कंपनीने दिलेल्या दोन फुकटच्या सोयी बहुतेकांनी कधी वापरलेल्याच नसतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे चिकटवलेल्या तक्त्यात अनेक गाड्यांसाठी टायरच्या हवेचे दोन-दोन आकडे असतात, कमी वजनाचा आणि पूर्ण वजनाचा. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग. तिचा कडकपणा हवेने बदलतो. पंपावर मात्र 'पस्तीस-पस्तीस मारून दे' म्हटले की विषय संपतो. दुसरी सोय स्टिअरिंगजवळची हेडलाइटची छोटी चकती, शून्य ते तीन. मागे वजन बसले की नाक वर जाते. एका अंशाच्या फरकाने पन्नास मीटरवर दिव्याचा झोत सत्त्याऐंशी सेंटिमीटर वर उचलला जातो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. गाडीची उंची बदलणाऱ्याने ती चकती तरी फिरवावी.

मग अॅडजस्टेबल भागांना जागाच नाही का? आहे, आणि ती स्पष्ट आहे: जिथे गाडीचे वजन किंवा काम कायमचे बदलले आहे. बाहेरून सीएनजी बसवलेली हॅचबॅक घ्या. डिकीतली साठ लिटरची पोलादी टाकी आणि तिची बैठक मिळून सत्तर किलो धरू. मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून मिलिमीटरमागे चार किलो पेलतात असे धरले, तर गाडी रिकामी असतानाच सतरा-अठरा मिलिमीटर बसते, कायमची. यावर सर्वत्र केला जाणारा उपाय म्हणजे स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांत रबराचा बफर ठोकून बसवणे. गाडी वर येते, पण बफरने एक वेटोळे बाद केलेले असते. उरलेल्या वेटोळ्यांवर जास्त पीळ येतो, आणि बफरची कड जिथे टेकते तिथे रंग खरवडून गंज धरतो. शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या मापाचाच राहतो. इथे योग्य कडकपणाची स्प्रिंग आणि उलगडणे आवरता येणारा शॉकअप हे खरे उत्तर आहे. कारखान्यातूनच सीएनजी घेऊन येणाऱ्या गाड्यांत सस्पेन्शन त्या वजनाला धरून जुळवलेले असते, ते उगीच नाही. दुसरे उदाहरण जिम्नी या गाडीचे. तिला पुढे-मागे अखंड अॅक्सल आहेत. लिफ्ट किट टाकून ती पन्नास मिलिमीटर उचलली, की अॅक्सलला आडवे धरणारा पॅनहार्ड रॉड, लांबी तीच आणि कोन वेगळा असल्यामुळे, अख्खा अॅक्सल एका बाजूला ओढतो. कॅस्टरही कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग सैल, भटके वाटू लागते. या गाडीत लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड ही चैन नाही, उचललेल्या उंचीचे ते देणे आहे. तरी बाजारात लिफ्टच्या स्प्रिंगा हातोहात खपतात आणि हा रॉड 'नंतर बघू'च्या यादीत जातो.

फिरकीचे खरे माहेर शर्यतीचा ट्रॅक आहे आणि तिथे ती का शोभते हे समजले की रस्त्यावर ती का गोंधळते तेही कळते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तेच वळण दर दोन-एक मिनिटांनी परत येते. डांबर तेच, टायर तेच, चालक तोच, वजन जवळजवळ तेच, आणि हातात स्टॉपवॉच. दोन क्लिक बदलले तर काय झाले ते पुढच्या फेरीत आकड्यात दिसते. चुकले तर परत फिरवता येते. बदल, मोजमाप, नोंद, पुन्हा बदल. रस्त्यावर यातले काहीच जागेवर राहत नाही. आज मागे दोन माणसे, उद्या एकही नाही. आज ऊन, उद्या पाऊस. काल बुजवलेला खड्डा आज पुन्हा उघडा. तरी शिस्तीने करायचेच असेल तर रस्त्यावरही करता येते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत टेपने मोजून वहीत लिहायचे. वर्दळ नसलेला एकच दोन-तीन किलोमीटरचा रस्ता ठरवायचा, टायरमधली हवा गार असताना सारखी करायची, आणि एका वेळी एकाच टोकाचे दोनच क्लिक बदलायचे. पुढचे आणि मागचे एकदम फिरवले की कशाने काय झाले ते कळत नाही. हे कंटाळवाणे आहे. किट विकत घेणाऱ्या शंभरांतले किती जण अशी वही ठेवत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

कायद्याची बाजू याहून कमी सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आता आरसी बुकात रंग, इंधन, वजन, व्हीलबेस असतो. स्प्रिंगचा कडकपणा नसतो. त्यामुळे सस्पेन्शन कोणत्या खणात बसते यावर वाद घालता येतो आणि घातला जातो. माझी तक्रार वेगळी आहे. ही व्यवस्था ग्राइंडरने दोन वेटोळी कापलेल्या स्प्रिंगकडे आणि चाचणी झालेल्या किटकडे एकाच नजरेने पाहते. जर्मनीत किटसोबत कोणत्या गाडीला, किती उंचीच्या मर्यादेत, याचे तांत्रिक प्रमाणपत्र येते. बसवल्यावर टीयूव्हीसारख्या संस्थेचा तपासनीस गाडी पाहतो आणि गरजेप्रमाणे कागदपत्रांत नोंद करतो. तिथे फिरकी कायदेशीर आहे, पण मोजून. आपल्याकडे बंदी कागदावर आणि बाजार खुला, म्हणून मोजमाप कोणाचीच जबाबदारी राहत नाही. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दाव्यावर प्रश्न उभा राहू शकतो, हे मालकाच्या ध्यानात येते ते सर्वेअर गाडीखाली वाकल्यावर.

आणि शेवटी पाऊस. जर्मन थंडीत रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठापायी केडब्ल्यूसारखी कंपनी आपल्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या करते. स्वस्त किटात साध्या पोलादाच्या नळीवर अॅल्युमिनियमची रिंग असते. चिखल आट्यांत शिरतो, दोन धातूंमध्ये पाणी राहते आणि कोकणच्या किंवा मावळच्या दोन पावसाळ्यांत रिंग नळीला धरते. सी आकाराचा पाना लावून हातोडी मारली की रिंगेच्या खाचा तुटतात, रिंग हलत नाही. वर्षातून एकदा आटे तारेच्या ब्रशने घासून ग्रीस लावले असते तर ही वेळ आली नसती, पण पत्रकातल्या शेवटच्या पानावरचे हे वाक्य वाचायला कोणी थांबलेले नसते. अॅडजस्टेबल म्हणून घेतलेला भाग पहिल्या दिवशी बसवणाऱ्याने ज्या उंचीवर सोडला, त्याच उंचीवर कायमचा राहतो.

गाडी विकायची वेळ आली की माळ्यावरचे पोते खाली येते. त्यात कंपनीचे मूळ शॉकअप आणि स्प्रिंगा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्या परत बसतात, गाडी पुन्हा पूर्वीच्या उंचीवर उभी राहते आणि किट वेगळे विकले जाते. ते घेणाऱ्याने निदान एक विचारावे: हे किट पेट्रोल गाडीवरून उतरले की डिझेल? एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत डिझेल गाडीचे नाक बरेच जड असते. पेट्रोलच्या मापाची पुढची स्प्रिंग डिझेलखाली गेली, की ती उभ्या गाडीतच गरजेपेक्षा जास्त दबून बसते. तेव्हा फिरकी कितीही फिरवली तरी फरक पडत नाही, कारण वजन पेलण्याचे काम तिच्याकडे कधी नव्हतेच.